आरोपी परदेशात पळालाय? रेड नोटीस कशी निघते, कागदपत्रं काय लागतात

रेड नोटीस म्हणजे पळालेल्या आरोपीला शोधून तात्पुरतं ताब्यात घ्या अशी इंटरपोलमार्फत देशोदेशींच्या पोलिसांना केलेली विनंती. पहिलं म्हणजे तिचा अर्ज तुम्हाआम्हाला करता येत नाही, त्यामुळे "इंटरपोलमध्ये डायरेक्ट तक्रार टाकून देतो" म्हणत कुणी फी मागितली तर सरळ फोन ठेवा. फिर्याद आपल्या पोलीस स्टेशनलाच द्यायची, पुढचं तपास अधिकारी करतात, आपण मागे लागायचं.

आरोपी अजून देशात असेल तर आधी लुकआउट सर्क्युलरचं (देशाबाहेर जाताना अडवण्यासाठीची सूचना) बघा. गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) हवा, विनंती जिल्ह्यात एसपी किंवा शहरात डीसीपी लेव्हलवरून ब्युरो ऑफ इमिग्रेशनला जाते, हे खातं इंटेलिजन्स ब्युरोच्या देखरेखीखाली चालतं, मग एअरपोर्टवर पासपोर्ट स्कॅन झाला की नाव दिसतं. सरकारी बँकासुद्धा आधी अशी विनंती करायच्या, पण मुंबई हायकोर्टाने एप्रिल २०२४ मध्ये तो अधिकार रद्द केला.

उडालाच असेल तर रेड नोटीस. भारतात इंटरपोलचं काम सीबीआयकडे आहे, पोलिसांची मागणी तिथून फ्रान्समधल्या लियाँला जाते. पूर्वी हे पत्रं, ईमेल, फॅक्सवर चालायचं, ७ जानेवारी २०२५ ला त्यासाठी सीबीआयचं भारतपोल हे ऑनलाइन पोर्टल आलं (उशीरच झाला म्हणा).

पात्रता काय, तर गुन्ह्याला कमाल शिक्षा निदान २ वर्षं हवी, आणि शिक्षा होऊन पळाला असेल तर निदान ६ महिने भोगायची बाकी हवी. राजकीय, धार्मिक, लष्करी स्वरूपाचं प्रकरण चालत नाही, उसनवारीचा खाजगी वाद किंवा नुसतं घरगुती भांडण पण नाही. ठावठिकाणाच शोधायचा असेल तर ब्लू नोटीस असते.

कागदपत्रांत कोर्टाचं अजामीनपात्र वॉरंट सगळ्यात महत्त्वाचं, त्याशिवाय फाईल हलतच नाही. बाकी एफआयआर, चार्जशीट झाली असेल तर ती, कलम आणि शिक्षेचा तपशील, फोटो, मिळाले तर बोटांचे ठसे. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर लागतं आणि फाईल बऱ्याचदा तिथेच पडून राहते, तेव्हा ते झालं का हे विचारत राहा. तुमच्याकडे आरोपीच्या पासपोर्टची झेरॉक्स, जुने फोटो, परदेशातला नंबर, पत्ता असेल तर लेखी अर्जासोबत द्या आणि पोच घ्या.

आणि नोटीस म्हणजे अटक वॉरंट नव्हे, अटक करायची की नाही ते तो देश ठरवतो. प्रत्यार्पणाची मागणी वेगळी, १९६२ च्या कायद्याखाली, परराष्ट्र मंत्रालयामार्फत जाते. पंजाब नॅशनल बँक (पीएनबी) घोटाळ्यातला आरोपी, हिरे व्यापारी मेहुल चोक्सीवरची रेड नोटीस २०२२ मध्ये इंटरपोलने काढून टाकली होती, तरी एप्रिल २०२५ मध्ये बेल्जियममध्ये त्याला अटक झाली ती भारताच्या प्रत्यार्पणाच्या मागणीवरच.