स्केलेटन म्हणजे नुसती घसरगुंडी नव्हे

‘स्केलेटनमध्ये काय, स्लेडवर पालथं पडायचं, बाकी उतार बघून घेतो. आणि बर्फ नसेल तर सराव बंद!’ बर्फाच्या वळणावळणाच्या ट्रॅकवरून स्लेडने, म्हणजे छोट्या घसरगाडीने, खाली येण्याच्या या खेळाबद्दल हे छातीठोकपणे सांगणारे बरेच भेटतात. दोन्ही गोष्टी चूक.

स्लेडला ब्रेक नसतो, स्टिअरिंगही नसतं. डोकं पुढे, हनुवटी बर्फाला लागेल इतकी खाली, वेग ताशी १२० किलोमीटरच्या पुढे. वळणावर खांदा किंवा गुडघा किंचित दाबायचा, एवढंच. जास्त दाबलं की स्लेड आडवी होते आणि वेग जातो. म्हणूनच नवख्याला थेट माथ्यावरून सोडत नाहीत. ट्रॅकच्या खालच्या टप्प्यापासून सुरुवात होते.

त्याआधी असते धाव. खिळ्यांचे बूट, कमरेत वाकलेलं अंग, एक हात स्लेडवर आणि जीव तोडून सुमारे तीसेक मीटर. इथे गेलेला वेग पुढे भरून काढणं फार अवघड. ही धाव कमावली जाते ती उन्हाळ्यात: स्प्रिंट, वजनं, उड्या.

ब्रिटनचंच बघा. तिथे पूर्ण लांबीचा बर्फाचा ट्रॅकच नाही. बाथ विद्यापीठात आहे तो रुळांवर चाकांची स्लेड ढकलायचा कोरडा ट्रॅक. चारशे मीटर धावणाऱ्या एमी विल्यम्सने तिथेच हा खेळ पहिल्यांदा करून पाहिला. २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सुवर्ण. हेप्टॅथलॉनमधून आलेल्या लिझी यार्नोल्डने २०१४ आणि २०१८ मध्ये, लागोपाठ दोनदा.

(आपला हिवाळी ऑलिंपिकपटू शिवा केशवन मात्र ल्यूज या दुसऱ्या स्लेडच्या खेळातला बरं का. त्यात पाय पुढे, तोंड आभाळाकडे.)