बेसिक की ॲडव्हान्स्ड: चार फाशांचा नियम नेमका कुणाचा?

बेसिक झालं की पुढचा वर्ग ॲडव्हान्स्ड, हे डोक्यातून काढा. आपल्याकडे जुन्या डंजन्स अँड ड्रॅगन्सचा (टेबलाभोवती बसून, एकेक कॅरेक्टर घेऊन फाशांवर खेळायचा खेळ; बेसिक आणि ॲडव्हान्स्ड ही त्याचीच दोन रूपं) डाव मांडणारे थोडेच, पण त्यातले निम्मे छाती फुगवून सांगतात, "आम्ही बेसिकच खेळतो, फक्त ॲडव्हान्स्डमधले दोन-चार चांगले नियम घेतलेत." आणि थोड्याच दिवसांनी तेच विचारतात, "डाव लय सोपा झाला बे, काहून?"

गैरसमजाला मूळ आहे, नाही असं नाही. मूळ खेळ १९७४ चा, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा. १९७७ मध्ये जे. एरिक होम्स यांनी संपादित केलेला बेसिकचा संच निघाला, तो नवख्यांना खरंच ॲडव्हान्स्डकडे धाडत होता. पण आपण सगळे फोनवर उघडून बसतो ते बेसिक १९८१ चं, टॉम मोल्डवे यांचं. त्याच्या पुढची पायरी म्हणजे एक्स्पर्ट, चौथ्या लेव्हलपासून चौदाव्यापर्यंत. ॲडव्हान्स्ड तोवर आपल्या वाटेने निघून गेलं होतं. त्याचं खेळाडूंचं पुस्तक १९७८ चं, डीएमचं, म्हणजे डाव चालवणाऱ्याचं, १९७९ चं. दोन खेळ, दोन हिशेब.

बेसिक तुम्हाला येतं, त्यामुळे ते सांगत बसत नाही. बारीकसारीक फरकही उरकून टाकतो. बेसिकमध्ये एल्फ हाच क्लास, म्हणजे कॅरेक्टरचा पेशा, ॲडव्हान्स्डमध्ये एल्फ ही जात आणि क्लास वेगळा. अलाइनमेंट (कॅरेक्टरचा नैतिक कल) इकडे तीन, तिकडे नऊ. यातलं काहीही इकडून तिकडे नेलं तरी डाव मोडत नाही, हौस असेल तर न्या. सोन्याच्या एका नाण्याला एक एक्सपी (अनुभवाचा पॉइंट, ज्यावर लेव्हल वाढते), हे तर दोन्हीकडे सारखंच.

डाव मोडतो तो कॅरेक्टरचे सहा गुण (स्ट्रेंग्थ म्हणजे ताकद, वगैरे) काढायच्या चार फाशांनी.

"चार फासे टाका, सगळ्यात लहान काढा, आलेले आकडे हवे तिथे लावा." हा नियम इतका अंगवळणी पडलाय की तो बेसिकचाच आहे असं पोट्टे शपथेवर सांगतील. तो आहे ॲडव्हान्स्डच्या डीएमच्या पुस्तकातला, तिथली पहिली पद्धत. बेसिकमध्ये तीन फासे, आणि जे जिथे पडलं ते तिथेच.

आता तो नियम तिकडे का आहे ते बघा. ॲडव्हान्स्डमध्ये स्ट्रेंग्थ १६ असली तरी वार लागायला बोनस शून्य, नुकसानीला फक्त १. वार लागायचा पहिला बोनस १७ ला. म्हणून तर खेळाडूंच्या पुस्तकातच म्हटलंय की जगायचं असेल तर निदान दोन गुण १५ किंवा त्याहून वर हवेत. बोनसचं दुकान उशिरा उघडतं, म्हणून फासे जास्त दिले. बेसिकमध्ये बोनस १३ लाच सुरू होतो. १३ ते १५ ला १, १६-१७ ला २, १८ ला ३, आणि स्ट्रेंग्थचा बोनस वार लागायलाही आणि नुकसानीलाही. फासे तीनच आहेत कारण बोनस स्वस्त आहे. बागायतीचा खताचा डोस कोरडवाहू कपाशीला दिला तर जे होईल, तेच इथे होतं.

आकडेच मांडतो. तीन फाशांत १३ किंवा वर यायची शक्यता सुमारे २६ टक्के, चार टाकून लहान काढला की ४९ टक्क्यांच्या जवळ. १६ किंवा वर: ४.६ टक्क्यांवरून १३ टक्के. आणि आकडे हवे तिथे लावायची मुभा असली की सहा गुणांपैकी एक तरी १६ निघायची शक्यता अर्ध्याहून जास्त, आणि तो फायटरच्या स्ट्रेंग्थलाच चिकटणार. वर बेसिकमध्ये क्लासचा मुख्य गुण १६ असला की एक्सपी १० टक्के जास्त. तेही फुकटात पदरात.

हा फायटर गोब्लिनपुढे, म्हणजे खेळातल्या एका लहान राक्षसापुढे, उभा करून पाहा. गोब्लिनचा एसी (चिलखताचा आकडा, जितका कमी तितका वार लागणं अवघड) ६. बेसिकच्या पहिल्या लेव्हलच्या फायटरला वीसच्या फाशावर १३ हवेत. स्ट्रेंग्थ १६ असली की ११ पुरतात, म्हणजे दर दुसरा वार बसला. नुकसान सहाच्या फाशाचं, वर २, म्हणजे कमीत कमी ३. गोब्लिनचे एचपी, म्हणजे अंगातला जीव, आठच्या फाशातून १ वजा करून काढायचे, तेव्हा अर्ध्या गोब्लिनांकडे ३ किंवा त्याहून कमीच असतात. वार लागला की ते पडलेच. असे चार फायटर एका टेबलावर बसवा आणि मग विचारा डाव सोपा काहून झाला.

पडकी कॅरेक्टरं कुणालाच आवडत नाहीत, मलाही नाही. पण त्याची सोय बेसिकने स्वतःच ठेवली आहे. अगदीच हताश आकडे आले तर डीएमच्या परवानगीने पुन्हा टाका. दुसऱ्या गुणातले दोन कमी करून मुख्य गुणात एक वाढवता येतो. ही पानं कुणी वाचतच नाही, हीच माझी खरी तक्रार. ६४ पानांचं पुस्तक आहे, वीज गेल्यावर फोनच्या उजेडातसुद्धा वाचून होतं.

दुसरा आवडता उसना नियम म्हणजे "उणे दहा". "भाऊ, -१० पर्यंत जिता राह्यते ना माणूस, मंग मी कसा मेलो?" कारण बेसिकमध्ये एचपी ० म्हणजे मेला, राजा. आणि तू म्हणतो तसं ॲडव्हान्स्डमध्येही नाही. तिथे वाराने नेमका ० झाला, किंवा डीएमने मान्य केलं तर -३ पर्यंत गेला, तरच बेशुद्ध. मग दर राउंडला (लढाईच्या एका फेरीला) एक कमी होत -१० ला मरण. एकाच वारात -६ ला गेलेला जागेवरच संपला. आणि वाचला तरी १ ते ६ टर्न (एक टर्न दहा मिनिटांचा) कोमात, त्यानंतर किमान आठवडाभर विश्रांती. लोक -१० तेवढं घेतात आणि आठवडा विसरतात. शिवाय तिकडचा राउंड एका मिनिटाचा, बेसिकचा १० सेकंदांचा. चिलखत नसलेला साथीदार तिकडे एका राउंडला १२० फूट येतो, बेसिकमध्ये ४०. त्यामुळे नियम उचलला तरी मदतीला धावायचं गणित तेच राहत नाही.

पहिल्या लेव्हलला पोरं फारच मरतात असं वाटत असेल तर एचपीचा फासा टाकूच नका, पूर्ण द्या. बेसिक स्वतःही एचपी १ किंवा २ आले तर पुन्हा टाकू देतं. मी याच दिशेने थोडं पुढे जातो, आणि ० ला मेला तो मेला.

एक लहानशी खोच राहिली. चढता एसी (मोठा आकडा म्हणजे भारी चिलखत) वापरायचा असेल तर बेसिकचा एसी १९ मधून वजा करा, ॲडव्हान्स्डचा २० मधून. चिलखत नसलेला माणूस इकडे ९, तिकडे १०. प्लेट मेल मात्र दोन्हीकडे ३. दोन्हीला एकच आकडा वापरला की कुणाचं तरी चिलखत एकाने चुकतं, आणि भांडण होतं ते थेट ड्रॅगनसमोर. नियमांच्या वहीत प्रत्येक घरच्या नियमापुढे तो कोणत्या पुस्तकातून आणला ते लिहून ठेवा. आमच्या वहीत चार फाशांच्या नियमापुढे "ॲडव्हान्स्ड, डीएमचं पुस्तक" असं लिहून वर काट मारलेली आहे.