नदीपात्राचे पूलपूर्व पुरातत्त्वीय सर्वेक्षण

पुलाचे खांब उभारण्यापूर्वी नदीच्या तळावर आणि गाळात दडलेल्या पुरावशेषांचा जो पद्धतशीर शोध घेतात, त्यास पूलपूर्व पुरातत्त्वीय सर्वेक्षण म्हणतात. पुलाला सोयीची जागा बहुधा जुनीच असते: आधी पायी ओलांडण्याचा उतार, मग तरी (नावेने पलीकडे नेण्याची सोय), मग लाकडी पूल. म्हणूनच नव्या पायाच्या खोदाईत नेमके जुने अवशेष नष्ट होण्याचा धोका असतो. लंडन ब्रिज 1831 मध्ये नव्याने बांधला गेला, त्या सुमारास थेम्सच्या तळातून उपसलेली खडी काठच्या वाटांवर पसरली गेली आणि चार्ल्स रोच स्मिथ या संग्राहकाला तिच्यातली रोमन नाणी पुलापासून कित्येक मैलांवर मिळाली. नाणी वाचली, पण ती तळात कुठे आणि कोणत्या थरात होती, ही माहिती गेली.

सर्वेक्षणाची सुरुवात जुने नकाशे आणि तरींच्या नोंदी यांपासून होते. नंतर बोटीवरून साइड-स्कॅन सोनार या ध्वनिलहरी सोडणाऱ्या यंत्राने तळाचे चित्र घेतात, तर सब-बॉटम प्रोफायलर या गाळात शिरणाऱ्या ध्वनिलहरींच्या यंत्राने गाळाखालचे थर तपासतात. मॅग्नेटोमीटर हा चुंबकीय क्षेत्र मोजणारा यंत्रप्रकार लोखंड हेरतो. एकाच ओंडक्यातून कोरलेली होडी त्याला कळत नाही. गुडघाभर पाण्यात बोट चालत नसल्यामुळे आयर्लंडमध्ये माणसे धातुशोधक घेऊन पात्र पायी पिंजून काढतात आणि त्या यंत्रासाठी वेगळा परवाना लागतो. अभियंत्यांनी मातीच्या चाचणीसाठी घेतलेल्या छिद्रांचे नमुनेही पुरातत्त्वज्ञाने पाहावेत. ही जवळजवळ फुकटची माहिती असते.

यंत्राने दाखवलेल्या जागी शेवटी पाणबुड्यालाच उतरावे लागते. गढूळ नदीत वीतभर पुढचेही दिसत नाही, त्यामुळे तो दोरीच्या आधाराने तळ हातांनी चाचपत जातो. पाण्याने आपोआप अडकलेले लाकूड आणि माणसाने रोवलेला खांब यांतला फरक बोटांनाच कळतो. आयर्लंडमध्ये क्लॉनमॅकनॉइस मठाजवळ शॅनन नदीच्या तळात ओकच्या खांबांच्या रांगा मिळाल्या आणि वृक्षवलयांवरून (लाकडातील वार्षिक वाढीच्या कड्यांवरून) ते खांब ज्या पुलाचे होते तो इ. स. 804 मधला ठरला.

सर्वेक्षणाची हद्द खांबाच्या पायापुरती ठेवणे ही नेहमीची चूक आहे. खांब प्रवाह अडवतो, त्याच्याभोवती भोवरे उठून तळ खरवडला जातो. शिवाय कॉफरडॅम (पाणी अडवून कामाला कोरडी जागा देणारा तात्पुरता बांध) आणि कामाच्या तराफ्यांचे नांगरही गाळ उकरतात. ही सगळी जागा हद्दीत यावी.

काही सापडलेच, तर खांब थोडा सरकवणे हा सर्वांत स्वस्त उपाय असतो, मात्र आराखडा पक्का होण्यापूर्वीच. युरोप परिषदेच्या 1992 च्या व्हॅलेटा करारानेही पुरातत्त्वाचा विचार नियोजनातच करण्यावर भर दिला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणात जलपुरातत्त्वाची शाखा 2001 मध्ये सुरू झाली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पुरातत्त्वीय काम मुख्यतः समुद्रकिनाऱ्यालगतचे आहे.

शतकानुशतके पाण्यात राहिलेले लाकूड बाहेर काढून तसेच वाळू दिले, तर ते आकसून तडकते. म्हणून ते ओले ठेवून पॉलिएथिलीन ग्लायकॉल या लाकडातल्या पाण्याची जागा घेणाऱ्या मेणासारख्या रसायनात मुरवावे लागते आणि मोठ्या नावेच्या बाबतीत या प्रक्रियेला अनेक वर्षे लागू शकतात. तशी सोय नसल्यास अवशेष मोजून, त्यांची चित्रे काढून ते गाळाखालीच झाकून ठेवतात.