पडवीतलं बसणं आणि माइंडफुलनेस: ही थेरपी आली कुठून?

आमची आत्या मालवणजवळ एकटीच असते. दोन्ही मुलगे मुंबईला, गणपतीत आणि मे महिन्यात घर भरतं की मग परत तेच. डॉक्टरांनी डिप्रेशनच्या गोळ्यांसोबत माइंडफुलनेसचं, म्हणजे चालू क्षणाकडे लक्ष ठेवायच्या ध्यानाचं, नाव काढलं तर म्हणते, "मी दिवसभर पडवेत गप बसानच असतंय, आणखी कसला ध्यान करू?" हसलो सगळे, पण प्रश्न बरोबर होता आणि त्याचं उत्तर शोधताना हा सगळा इतिहास वाचला गेला.

तर याची सुरुवात डिप्रेशनपासून झालीच नाही. 1979 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये जॉन कबाट-झिन यांनी, हे मूळचे मॉलेक्युलर बायोलॉजीवाले, एक वर्ग काढला, कोणासाठी तर जुनाट दुखणी असलेल्यांसाठी, औषधांनी पुरतं बरं न वाटणाऱ्यांसाठी. बौद्ध ध्यान आणि हठयोग यातलं घेतलं, धर्माचा भाग बाजूला ठेवला, आठ आठवड्यांचा कोर्स केला. गंमत म्हणजे आपल्याकडे विपश्यना आणणारे गोएंका गुरुजीही म्यानमारमध्ये मायग्रेनपायीच ध्यानाकडे वळले होते. ते 1969 ला भारतात आले, आणि इगतपुरीचं केंद्र उभं राहिलं ते सत्तरच्या दशकात. म्हणजे दोन्हीकडे आधी दुखणं, मग ध्यान.

डिप्रेशनशी गाठ पडली नव्वदच्या दशकात. कॅनडातले झिंडेल सेगल आणि ब्रिटनमधले मार्क विल्यम्स, जॉन टीसडेल या मानसशास्त्रज्ञांना छळणारा प्रश्न असा की बरा झालेला माणूस परत परत डिप्रेशनमध्ये का पडतो? त्यांचं म्हणणं, एकदा डिप्रेशन येऊन गेलं की नंतर साधी उदासी आली तरी जुने विचार आपोआप सुरू होतात आणि माणूस तेच ते उगाळत बसतो. आपला उगाळणे हा शब्द इथे इतका चपखल बसतो ना, सहाणेवर वेखंड उगाळतात तसंच, गोल गोल, जागच्या जागी. आत्या पडवीत करते ते हेच. गप्प बसणं आणि ध्यान यात फरक आहे तो इथे, ध्यानात विचार आला की "हा विचार आहे" एवढं ओळखून परत श्वासावर यायचं असतं. म्हणून त्यांनी कबाट-झिन यांचाच कोर्स डिप्रेशनसाठी बेतून घेतला, तीच ही थेरपी.

त्यांचा पहिला मोठा अभ्यास 2000 साली छापून आला, 145 लोकांवर. तीन किंवा जास्त वेळा डिप्रेशन येऊन गेलेल्यांमध्ये नेहमीच्या उपचारांवर 66 टक्के परत पडले, हा कोर्स केलेल्यांत 37. पण दोनदाच येऊन गेलेल्यांना फायदा दिसला नाही, हे सांगताना लोक हमखास गाळतात. 2004 ला ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत थेरपी आली. 2015 च्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातल्या 424 जणांच्या अभ्यासात थेरपी घेऊन गोळ्या कमी केलेल्यांत दोन वर्षांत परत पडलेले 44 टक्के, आणि गोळ्या चालू ठेवलेल्यांत 47, म्हणजे जवळपास सारखंच. तिथे गोळ्या कमी केल्या त्या डॉक्टरच्या देखरेखीखाली हं, कोणी मनाने डबी फेकू नका.

आता म्हाताऱ्यांचं. या अभ्यासांतले बरेचसे लोक मध्यमवयीन, वयस्करांकडे लक्ष गेलं उशिरा. म्हातारपणी झोप कमी, सांधे दुखतात, त्यात डिप्रेशन लपून जातं, म्हणून तर ऐंशीच्या दशकात वयस्करांसाठी हो-नाही उत्तरांची 30 प्रश्नांची वेगळी चाचणी बनली, त्यात शारीरिक तक्रारी मुद्दाम टाळल्यात. आपल्याकडे तर कोणी उदास आहे म्हणतच नाही, "भूक मेली", "कशात मन लागत नाही" एवढंच. थेरपीतही मग बदल होतात: जमिनीऐवजी खुर्ची, छोटी सत्रं.

कोर्सच्या सुरुवातीला एक मनुका दहा मिनिटं न्याहाळत खायची असते. आत्याला मी आमसूल दिलं. तिने ते उजेडात धरलं, बोटांनी दाबलं, जिभेवर ठेवलं आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, औंदा मीठ जास्त पडलंहा.