अंगठ्याखालची टोपी

मे महिन्यात परभणीचा पारा 42 अंशांच्या पुढं जातो. अशा दुपारी कूलरसमोर बसूनही भाच्याचा अंगठा व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरच्या स्टिकवरून घसरत होता. नव्यानं मागवलेल्या रबरी टोप्या पुढं करत तो म्हणाला, "मामा, हे ग्रिप लावल्यावर एम खरंच सुधरतंय का, का नुसतेच पैसे जातेत?" एम म्हणजे गेममधला नेम.

आधी घामाचं बघू. बँकेतला कॅशियर नोटा मोजताना बोट ओल्या स्पंजावर टेकवतो. थोड्या ओलाव्यानं कातडी मऊ पडते, जास्त जागी टेकते आणि घर्षण वाढतं. पण बोट पाण्यानं निथळू लागलं की मध्ये पाण्याचा थर येतो आणि तेच बोट घसरतं. ग्रिपवरच्या खाचा त्या पाण्याला बाजूला जायला वाट देतात, टायरच्या खाचांसारखी. त्यामुळं आपल्याकडच्या उन्हाळ्यात साधी, बुटकी टोपीसुद्धा उपयोगी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

उंच टोपीची गोष्ट वेगळी. ती कळायला हातपंप आठवावा. पंपाचा दांडा लांब असला की जोर कमी लागतो, पण हात जास्त फिरवावा लागतो. स्टिकचंही तसंच. समजा, ती टेकूपासून 20 मिलिमीटर उंच आहे आणि 20 अंश झुकते. मग अंगठा मधल्या जागेपासून टोकापर्यंत जेमतेम 7 मिलिमीटर सरकतो. आतला सेन्सर फक्त कोन मोजतो. बऱ्याच कंट्रोलरमध्ये तो एका अक्षावर 0 ते 255 अशा आकड्यांत सांगतो, म्हणजे मध्यापासून एका बाजूला सुमारे 127 पायऱ्या. एका पायरीच्या वाट्याला 0.055 मिलिमीटर येतात, साधारण केसाच्या जाडीइतके! 8 मिलिमीटरची टोपी चढवली की तेच अंतर 0.077 होतं आणि जोर तीस टक्क्यांच्या आसपास कमी लागतो.

आता अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांचा 1954 सालचा नियम आडवा येतो. लक्ष्य किती लांब आणि किती रुंद, या गुणोत्तरावर नेमाची अवघडता ठरते. उंच टोपी दोन्ही सारख्याच प्रमाणात वाढवते, मग फायदा कुठून आला? तो थरथरीतून येतो. प्रत्येकाचा हात सेकंदाला 8 ते 12 वेळा बारीक कंप पावतो. टोपी लावली म्हणून अंगठ्याचा कंप वाढत नाही, पण त्या कंपानं स्टिक पूर्वीपेक्षा कमी कोनातून हलते. म्हणून दूरच्या, लहानशा लक्ष्यावर नेम धरताना फरक जाणवतो. गर्रकन मागं वळायचं असेल तेव्हा तीच उंची वेळ खाते. नेम उजव्या स्टिकनं धरतात. डाव्या स्टिकनं खेळाडू पळवायचा असतो, ती सतत टोकाला न्यावी लागते. तिथं उंच टोपी नकोच.

इथं बरेच जण चुकतात. टोपी लावल्यावर खेळ संथ वाटतो, म्हणून सेन्सिटिव्हिटी, म्हणजे स्टिक जरा हलली की नेम किती फिरावा याची गेममधली सेटिंग, वाढवतात, आणि मिळालेला बारीकपणा तिथंच घालवतात. हात न लावताही नेम आपोआप सरकवणाऱ्या बिघडलेल्या स्टिकवर तर टोपी हा इलाजच नाही. बहुतेक कंट्रोलरमध्ये आतली कार्बनची पट्टी घासली जाते, ती वरून रबर लावून कशी भरून येणार?

भाच्याला मी उजवीकडं उंच, डावीकडं बुटकी लावायला सांगितली. सोबत एक वही दिली. सरावाच्या खोलीत तेच लक्ष्य, तेच अंतर, रोज टोपीसह पन्नास गोळ्या आणि टोपीविना पन्नास, दोन्हींचे आकडे लिहायचे. नवी वस्तू हाती आली की नेम सुधारल्यासारखा वाटतोच, म्हणून ही वही. पहिले तीन दिवस टोपीविनाचे आकडे वरचढ होते, अंगठ्याला जुन्या उंचीची सवय. चौथ्या दिवशी दोन्ही रकाने बरोबरीत आले. त्यानं धावत येऊन वही दाखवली.