संशोधन अभ्यासात सहभागी व्हायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि सहीच्या आधीचं सगळं

पालिकेच्या रुग्णालयात प्रत्येक कामाला एक खिडकी असते. केस पेपरची वेगळी, रक्ताची वेगळी, औषधांची वेगळी. म्हणून संशोधनात भाग घ्यायचा म्हटलं की माणूस आधी खिडकी शोधतो आणि फॉर्म मागतो. तसा फॉर्म नसतो. इथे परवानगी डॉक्टरांनी आपल्याकडे मागायची असते, आणि ती ज्या कागदावर मागतात त्याला संमतीपत्र म्हणतात.

मुंबईत केईएम, नायर, सायन, जे.जे. या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आणि परळच्या टाटा मेमोरियलमध्ये असे अभ्यास चालतात. एमडी करणाऱ्या डॉक्टरांना प्रबंध करावा लागतो, त्यामुळे काही अभ्यास अगदी साधे असतात: प्रश्नावली भरायची, फार तर एक जादा रक्ततपासणी. नव्या औषधाची किंवा लशीची चाचणी हे वेगळं प्रकरण. २०२० च्या सप्टेंबरमध्ये केईएम आणि नायरमध्ये कोविशिल्डच्या चाचणीसाठी स्वयंसेवक घेतले होते, ती या दुसऱ्या प्रकारातली.

कोणता अभ्यास चालू आहे हे तुमच्या ओपीडीत विचारता येतं. घरबसल्या बघायचं तर सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया) ही अशा चाचण्यांची सरकारी ऑनलाइन नोंदवही आहे. ती २००७ साली सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद तिथे सक्तीची झाली. मजकूर इंग्रजीत आहे, पण आजाराचं नाव टाकून शोधलं की वयाची अट, कोणाला घेतात, कोणाला घेत नाहीत, कोणत्या रुग्णालयात आणि चौकशी कोणाकडे करायची, हे सगळं दिसतं. भरती अजून चालू आहे का, तेही तिथेच. साधा प्रश्नावलीचा अभ्यास या नोंदवहीत सापडला नाही म्हणून लगेच संशय घेऊ नका. एथिक्स कमिटीची, म्हणजे सहभागी होणाऱ्यांचं हित आणि हक्क जपले जातायत का हे पाहणाऱ्या समितीची मंजुरी मात्र त्यालाही लागतेच. औषधांच्या चाचण्या तपासणाऱ्या या कमिटीत किमान सात जण असतात. त्यात कायद्याचा जाणकार, एक सामान्य नागरिक आणि किमान एक स्त्री हवी, आणि निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे.

पात्रता प्रत्येक अभ्यासाची निराळी. वय, आजार किती वर्षांचा, साखर किंवा रक्तदाब कुठल्या मर्यादेत, चालू असलेली औषधं, गरोदरपण. आजार नसलेल्यांनाही काही चाचण्यांत घेतात, पण एका चाचणीतून दुसरीत लगेच उडी मारता येत नाही, मध्ये काही महिन्यांचं अंतर ठेवावं लागतं. पैशांसाठी हे अंतर लपवणारे भेटतात. तसं करू नका, दोन औषधं अंगात एकमेकांशी भांडली तर त्रास तुम्हालाच.

जाताना आधार किंवा दुसरं ओळखपत्र, जुने केस पेपर आणि रिपोर्ट न्या. गोळ्यांच्या पट्ट्याच पिशवीत टाका. ‘ती पांढरी, छोटी’ एवढ्यावर कोणाला काही कळत नाही. प्रवासखर्च बऱ्याचदा खात्यात जमा होतो, म्हणून पासबुकाची झेरॉक्स. उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर डबा सोबत ठेवा, नंतर कँटीनची रांग नकोशी होते.

आता संमतीपत्र. गेल्या वर्षी मावशीबरोबर एका रुग्णालयात मधुमेहाच्या अभ्यासासाठी गेलो होतो. अभ्यासाचं कामकाज बघणाऱ्या कोऑर्डिनेटरने चौदा पानांचा गठ्ठा पुढे सरकवला आणि पेनाने खुणा करत म्हणाली, “इथे, इथे आणि शेवटी इथे.” मावशीचं बोट नॉमिनीच्या रकान्यावर थांबलं. “मला काही झालं तर पैसे कोणाला द्यायचे, हेच विचारतायत ना?” हो, तेच. चाचणीमुळे इजा झाली किंवा मृत्यू आला तर भरपाई द्यावी लागते, आणि औषध चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांनुसार इजेवर उपचारही मोफत. म्हणून वय, पत्ता, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव त्या कागदावर असतं. रकाना बघून घाबरायचं कारण नाही, तो नसता तर जास्त काळजी वाटली असती.

त्या गठ्ठ्यात ‘यादृच्छिक पद्धतीने गट ठरवला जाईल’ असं वाक्य होतं. मावशीने ते दोनदा वाचून माझ्याकडे पाहिलं. अर्थ इतकाच की कोणाला नवं औषध, कोणाला जुनं किंवा औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. डॉक्टरही निवडत नाहीत. इतकं साधं मराठीत का लिहीत नाहीत, देव जाणे. आम्ही कागद घरी आणले. कोऑर्डिनेटर नाराज झाली, पण विचार करायला वेळ मागणं हा हक्क आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना त्रयस्थ साक्षीदारासमोर वाचून दाखवावं लागतं. सही झाली की एक प्रत तुमची. अभ्यासासाठीची कोणतीही तपासणी सहीच्या आधी होता कामा नये, आणि तिचे पैसेही तुमच्याकडून घ्यायचे नसतात. कोणी ‘नोंदणी फी’ मागितली तर तिथूनच परत फिरा.

मधेच सोडायचं असेल तर कारण न देता सोडता येतं, नेहमीचे उपचार त्यामुळे थांबत नाहीत. फक्त कळवा, काही गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात.

मावशी स्क्रीनिंगमध्येच, म्हणजे पात्रतेच्या तपासणीतच गळाली, हिमोग्लोबिन कमी निघालं. तिला वाईट वाटलं, पण रिपोर्टची प्रत आम्ही मागून घेतली आणि त्याच आठवड्यात तिच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवली.