नवी शाळा आणि मनातली छोटी पाटी

घंटा होते आणि सगळा वर्ग एकदम उठतो, कारण पुढचा तास दुसऱ्या खोलीत आहे. अकरा-बारा वर्षांची एक मुलगी दप्तरात हात घालून वेळापत्रक शोधते. खोलीचा क्रमांक सापडतो, पण ती खोली कुठल्या मजल्यावर आहे ते आठवत नाही. साधी वही न्यायची की प्रयोगवही? कालच ओळख झालेली मैत्रीण तेवढ्यात जिन्यापर्यंत पोचलेली असते. उशीर झाला तर नवे सर काय म्हणतील? पाच मिनिटांत हे सगळं. कालपरवापर्यंत ती एकाच वर्गात, एकाच बाईंच्या नजरेसमोर बसत होती आणि शाळेतल्या सगळ्यांत मोठ्या मुलांत गणली जात होती. आता ती सगळ्यांत लहान आहे.

संध्याकाळी कळतं की पाण्याची बाटली शाळेतच राहिली आणि गृहपाठ लिहून घ्यायचा राहून गेला. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘एवढी मोठी झालीस, एवढंही लक्षात राहत नाही?’ हे वाक्य निदान पहिल्या सहामाहीत तरी कुणी उच्चारू नये, असं मला मनापासून वाटतं. कारण खरोखरच लक्षात राहत नसतं.

हातातलं काम करताना लागणाऱ्या गोष्टी मेंदू तेवढ्यापुरत्या एका छोट्या पाटीवर लिहून ठेवतो. मानसशास्त्रात तिला कार्यस्मृती म्हणतात. ही पाटी फार लहान असते. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवान यांनी 2001 मध्ये उपलब्ध प्रयोगांचा आढावा घेऊन दाखवलं, की मोठ्या माणसांच्याही पाटीवर एका वेळी साधारण चारच गोष्टी मावतात. मुलांची पाटी त्याहून लहान असते आणि पौगंडावस्थेत हळूहळू मोठी होत जाते. शिवाय काळजीही याच पाटीवर जागा अडवते. ‘आपल्याला कुणी हसलं का?’ हा प्रश्न तिथे बसला की गृहपाठ पुसला जातो.

कामांचा क्रम लावणं, पुढचा विचार करणं हे काम मेंदूच्या पुढच्या भागाचं. मेंदूसंशोधक जे गीड आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये मुलांच्या मेंदूचे एमआरआय वर्षानुवर्षं घेऊन पाहिले, तेव्हा या भागातलं करडं द्रव्य, म्हणजे मेंदूच्या पेशींनी भरलेला थर, मुलींमध्ये सुमारे अकराव्या आणि मुलांमध्ये सुमारे बाराव्या वर्षापर्यंत वाढतं आणि मग कमी होऊ लागतं, असं आढळलं. ही पुनर्रचना विशीच्या मध्यापर्यंत चालते. म्हणजे शाळा सात-आठ विषयांचं नियोजन मागते, तेव्हाच ते करणाऱ्या भागाची डागडुजी सुरू असते.

पाटी मोठी करता येत नाही, पण तिच्यावरचं ओझं उतरवता येतं. जे सवयीचं झालं, ते पाटीवर लिहावं लागत नाही. म्हणून दप्तर रात्री, रोज एकाच वेळी भरावं. आधी सगळं जमिनीवर ओतायचं. चुरगळलेले कागद, टोपण हरवलेलं पेन, तळाशी दडलेली सूचना बाहेर येते. मग भिंतीवरच्या वेळापत्रकावर बोट ठेवून एकेक तास वाचायचा आणि त्या त्या तासाची वही आत ठेवायची. बोट मुलाचंच हवं. सुरुवातीला मोठ्यांनी शेजारी बसावं, नंतर दारात उभं राहावं, मग तिथूनही हलावं. दप्तर आपणच भरून दिलं, तर सवय आपल्याला लागते.

झोपेबद्दल थोडक्यात सांगते. वयात येताना शरीराचं घड्याळ मागे सरकतं, झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन उशिरा स्रवू लागतं. त्यामुळे रात्री डोळा लागत नाही, सकाळी उघडत नाही. बाराव्या वर्षापर्यंत 9 ते 12 तास आणि पुढे 8 ते 10 तास झोप लागते. झोपण्यापूर्वीचा एक तास पडद्याविना आणि मंद उजेडात गेला, तर बराच फरक पडतो.

मधल्या सुट्टीचा प्रश्न मात्र दप्तराहून अवघड आहे. मानसशास्त्रज्ञ नाओमी आयझेनबर्गर यांच्या 2003 मधल्या प्रयोगात माणसं संगणकावर चेंडू झेलण्याचा साधा खेळ खेळत होती. काही वेळाने बाकीचे दोन ‘खेळाडू’ आपापसातच चेंडू टाकू लागले. एवढ्यावरून, शारीरिक वेदनेच्या त्रासाशी जोडलेला मेंदूचा एक भाग सक्रिय झाला. तेव्हा ‘माझ्याशी कुणी बोललं नाही’ हे मूल सांगतं, त्याला क्षुल्लक म्हणू नये. जुन्या शाळेतला एक जरी ओळखीचा चेहरा त्याच तुकडीत असेल, तर तो मोठा आधार असतो. शाळांनी तुकड्या पाडताना याचा विचार करायलाच हवा.

मला सर्वांत आशादायक वाटतो तो शिक्षण-संशोधक जेफ्री बोरमन यांचा 2019 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या 11 शाळांमध्ये, नव्याने आलेल्या 1,304 मुलांपैकी निम्म्यांना एक छोटा लेखनपाठ वर्षात दोनदा दिला. त्यात आधीच्या वर्षीच्या मुलांचे अनुभव होते: आम्हालाही भीती वाटली, पण हळूहळू रुळलो, मित्र मिळाले, शिक्षक मदत करतात हे कळलं. ते वाचून मुलांनी स्वतःबद्दल लिहायचं. या मुलांची हजेरी सुधारली, नापासाचे शेरे आणि बेशिस्तीच्या तक्रारी कमी झाल्या. ‘मीच कमी पडतोय’ याऐवजी ‘हे सगळ्यांचंच होतं आणि सरतं’ एवढं मनात बदललं होतं.

हे घरीही करता येतं. एक वर्ष पुढे असलेल्या शेजारच्या मुलीला बोलवावं आणि तिचे पहिले दोन महिने कसे गेले ते तिलाच सांगू द्यावं, आपण मध्ये बोलू नये. रोजच्या ‘शाळा कशी होती?’ला ‘बरी’ एवढंच उत्तर येतं. ‘आज सुट्टीत कुठे बसलास?’ याला खरं उत्तर येतं. आणि आठवडे उलटूनही ते उत्तर ‘एकटाच’ असेल, शाळेच्या दिवशीच पोट दुखत असेल किंवा जेवण-झोप उडाली असेल, तर वर्गशिक्षकांची वेळ मागून घ्यावी, पालकसभेची वाट पाहू नये.